नावावरचं रक्त

विश्वजीत शितोळे तपासणीच्या पलंगावर आडवा झाला तेव्हा कंपनीतल्या नव्या सुपरवायझरची नक्कल करत होता.

"बिहारी पोरांशी तो मराठी बोलतो आन् आमच्याशी हिंदी. त्यास्नी बी कळत न्हाई, आमास्नी बी कळत न्हाई. माल मात्र निघतोय."

डॉक्टर सुलक्षणा रासकर हसल्या आणि हसता हसताच त्यांनी त्याच्या पोटावर हात ठेवला. दौंडच्या त्या लहानशा इस्पितळात त्या पुण्याहून महिन्यातून एकदा येत. आज विश्वजीतची सहामाही तपासणी होती. पाच मिनिटांचं काम. त्याचे सगळे रिपोर्ट टेबलावर होते आणि सगळे उत्तम होते.

डाव्या बरगडीखाली त्यांचा हात थांबला.

"श्वास घ्या. मोठा."

त्याने घेतला. आतून काहीतरी खाली सरकलं आणि बोटांना येऊन टेकलं. कडक, गुळगुळीत, कड असलेलं.

"सोडा. पुन्हा घ्या."

पुन्हा तेच. पानथरी. धडधाकट माणसाची पानथरी बरगड्यांच्या आड असते, ती हाताला लागत नाही. विश्वजीतची ही प्लीहा बरगडी ओलांडून चार बोटं खाली आली होती.

"दुखतंय?"

"दुखत न्हाई. पर हल्ली पोट लगेच भरतंय. अर्ध्या भाकरीवर उठतो. बायको, अनिता, म्हणती, बाहेर कुठं जेवून येता काय."

"घाम येतो?"

"प्रेस शॉपला हाय मी, मॅडम. घाम न्हाई आला तर कंपनी घरी बसवंल."

"झोपेत?"

"येतो. उशी भिजती. खोलीला वर पत्रा हाय, आन् हा असला एप्रिल."

सुलक्षणाबाईंनी त्याच्या कमरेच्या पट्ट्याकडे पाहिलं. पट्ट्याला मुळातच असलेल्या भोकांच्या ओळीपासून जरा दूर, खिळ्याने ठोकून पाडलेलं एक वेडंवाकडं भोक होतं. पट्टा त्यातच अडकवला होता.

विश्वजीतच्या लक्षात आलं असावं. "वजन थोडं उतरलंय," तो म्हणाला. "पर रिपोर्ट तर चांगला हाय ना? मागल्या हप्त्यात मेसेज आलता."

"रिपोर्ट चांगला आहे," त्या म्हणाल्या. तो खरंच चांगला होता. पांढऱ्या पेशी जेवढ्या हव्यात तेवढ्याच, आणि रोगाच्या जनुकाचा मागमूस नाही. मागल्या महिन्याचा तसाच, त्याच्या मागल्याचाही तसाच. पण हाताखाली होतं ते या कागदांशी कुठेच जुळत नव्हतं.

"उठू नका. मी थोडं रक्त घेते."

"ह्या महिन्याचं गेलंय की, मॅडम."

"अजून थोडं लागेल."

"आई म्हणती ते खरं हाय. दौंडचा दवाखाना म्हंजी डासाचा थोरला भाऊ." तो हसला, पण हात पुढे करताना त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. सात वर्षं तो हा चेहरा पाहत होता. "गोळी परत चालू करावी लागंल का?"

"बघू."

"चालू केली की झालं ना पर? पयल्यासारखं?"

सुलक्षणाबाईंनी शीर शोधण्याचं निमित्त करून मान खाली घातली.

विश्वजीतला सात वर्षांपूर्वी रक्ताचा कर्करोग झाला होता. हा त्यातला संथ चालणारा प्रकार. पूर्वी याने माणूस चार-पाच वर्षांत जाई. मग एक गोळी आली, आणि रोज ती घेणारा माणूस म्हातारा होईपर्यंत जगू लागला. पण रोज म्हणजे रोज, जन्मभर. पायात गोळे येत, डोळे सुजत, बायकांना मूल होऊ देता येत नसे. काही जणांच्या रक्तातून रोग इतका पुसला जाई की गोळी थांबवली तरी तो परतत नसे. काहींचा परते. कोणाचा परतेल आणि कोणाचा नाही, हाच सुलक्षणाबाईंच्या अभ्यासाचा विषय होता. गोळी थांबवायची आणि दर महिन्याला रक्त तपासायचं. रोगाने डोकं वर काढलेलं दिसलं की लगेच गोळी सुरू करायची. लगेच सुरू केली तर तो पुन्हा खाली बसतो. उशीर झाला तर मात्र त्याचं रूप बदलू शकतं. संथ चालणारा रोग पळू लागतो, आणि मग तीच गोळी त्याला धरू शकत नाही.

हा अभ्यास पुण्यातल्या पेशंटांवर करावा असं सगळ्यांचं मत होतं. त्यांचे वरिष्ठ डॉ. केळुसकर यांनी तर स्पष्टच सांगितलं होतं, "दौंड-शिरूरची माणसं? कांदा, ऊस, कंपनीची शिफ्ट. तीन महिन्यांत निम्मी गळतील." सुलक्षणाबाईंना ते लागलं होतं. त्या स्वतः तिकडच्याच. त्यांचे वडील वढू बुद्रुकजवळ शेवंती आणि झेंडू लावत आणि समाधीपाशी हार विकणाऱ्यांना फुलं पुरवत. पहाटे तोडलेल्या फुलांच्या पाट्या ठरल्या वेळी पोचल्या नाहीत असा एक दिवस त्यांना आठवत नव्हता. आपली माणसं येतील, असं त्या म्हणाल्या होत्या, आणि माणसं आली. चाळीसेक पेशंट, चार वर्षं. परिषदेत बोलताना त्यांची सर्वांत आवडती स्लाइड रोगाबद्दलची नव्हती. न चुकता आलेल्या नमुन्यांची होती. विश्वजीतने गणपतीत गोळी थांबवली, तेव्हापासून त्याचा एकही महिना चुकला नव्हता.

अभ्यासाचा सगळा अहवाल सोमवारी जायचा होता.

इस्पितळाच्या मागच्या खोलीत पेशी मोजायचं यंत्र होतं. सुलक्षणाबाईंनी नळी स्वतःच त्यात लावली. तंत्रज्ञ प्रांजल समोरच्या खिडकीत लोकांची रक्तं घेण्यात गुंतली होती, तिला त्यांनी हाक मारली नाही. यंत्र घरघरलं, थांबलं आणि आकडा दाखवला. एक लाख बासष्ट हजार. दहा-अकरा हजारांच्या वर पांढऱ्या पेशी जायला नकोत.

त्यांनी पुन्हा लावली. आकडा थोडा वाढलाच.

नळी उभी ठेवली होती. रक्त हळूहळू खाली बसत होतं, आणि लाल भागाच्या वर एक पांढुरका थर धरू लागला होता. साईसारखा. यंत्रावर अविश्वास दाखवता आला असता, या थरावर नाही.

त्यांनी काचेच्या पट्टीवर थेंब घेतला, दुसऱ्या पट्टीने तो पातळ ओढला आणि वाळत ठेवला. वाळल्यावर रंग टाकायचा, रंग मुरू द्यायचा, धुवायचं, पुन्हा वाळवायचं. मग सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल. रक्तात पिकलेल्या पेशींची नुसती गर्दी असेल तर रोग अजून संथच आहे आणि गोळी चालेल. पण कोवळ्या, अर्धवट पेशींनी काच भरलेली असेल, तर विश्वजीतने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं होतं.

काच वाळेपर्यंत त्यांनी पुण्याच्या प्रयोगशाळेत फोन लावला. तिथल्या प्रमुख बाई त्यांच्या ओळखीच्या होत्या.

"नळ्यांची अदलाबदल झाली असेल का?"

"आमच्याकडे? अगं, दोन-दोन खुणा असतात नळीवर."

"तरी बघ. गणपतीपासून बघ. त्याचे रिपोर्ट स्वच्छ येतायत आणि माझ्यासमोर एक लाख बासष्ट हजार आहेत. शेवटच्या नळीला तीन आठवडे झालेत, तेवढ्यात असं होत नाही."

पलीकडे बराच वेळ कीबोर्डची टकटक ऐकू आली.

"सुलक्षणा, त्याचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलं असतं, तर त्या दुसऱ्याचा रिपोर्ट भयंकर आला असता. बरोबर?"

"बरोबर."

"तसा एकही नाही. ज्यांचे बिघडले ते सगळे तुला माहीत आहेत. त्यांच्या गोळ्या चालू आहेत आणि आकडे उतरतायत. हे असलं रक्त आमच्याकडे कुणाच्याच नावाने आलेलं नाही."

"मग विश्वजीतचं रक्त गेलं कुठं?"

"ते मी कसं सांगू? इथे नाही आलं, एवढंच सांगते."

सुलक्षणाबाईंनी फोन ठेवला. काच वाळली होती. त्यांनी तिच्यावर रंग ओतला.

बाहेर मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ साखरबाईंचा आवाज आला. साखरबाई म्हणजे विश्वजीतची आई. सहामाही तपासणीला त्या कासुर्डीहून धाकट्या मुलाच्या मागे बसून दौंडला यायच्याच. रांजणगावला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या थोरल्याला तेवढीच आईच्या हातची भाकरी.

"कुठं हाय माझं पोरगं? आन् तू गाडी सावलीत लाव, सत्या. सीट तापली की मला बसवत न्हाई."

सुलक्षणाबाई बाहेर आल्या. बाकावर विश्वजीत बसला होता, शर्टाची बटणं अर्धवट लावलेली. साखरबाई त्याच्या शेजारी टेकून फडकं सोडत होत्या. दारातून हेल्मेट काढत सत्यजीत आत आला. भावासारखीच उंची, तसलाच रुंद कपाळपट्टीचा चेहरा, पण उन्हाने रापलेला.

खिडकीतून प्रांजलने मान वर केली आणि ओळखीचं हसली.

"अय्या, विश्वजीतभाऊ, आज परत? ह्या महिन्याचं झालंय की तुमचं."

"आज भावाची तपासणी हाय, ताई," सत्यजीत म्हणाला. "मी नुसता आईला घिऊन आलोय."

कोणाला काहीच वेगळं वाटलं नाही. प्रांजल पुढच्या माणसाचा दंड बांधू लागली. साखरबाईंनी लसणाची चटणी भाकरीवर ठेवली. सुलक्षणाबाई मात्र दारातून थेट खिडकीपाशी गेल्या.

"प्रांजल," त्या म्हणाल्या, "विश्वजीत कोण?"

"हे काय." प्रांजलने सत्यजीतकडे बोट केलं. "दर महिन्याला येतात. मी लागल्यापासून येतात." ती दिवाळीनंतर लागली होती. तिच्या आधीचा माणूस पेशंटांना तोंडावरून ओळखायचा. तो नोकरी सोडून गेला होता.

"आणि हा?"

प्रांजलने बाकावरच्या विश्वजीतकडे पाहिलं. "ह्यांना नाही ओळखत मी."

बाहेरच्या दोन-चार माणसांनी माना वळवल्या. सुलक्षणाबाईंनी तिघांना आत बोलावलं आणि दार लावलं.

"सत्यजीत, तुम्ही इथे येऊन काय नाव सांगता?"

"विश्वजीत शितोळे."

"का?"

"का म्हंजी? त्याच्या नावावर द्यायचंय ना रक्त. मग त्याचंच नाव सांगणार. माझ्या नावावर देऊन काय उपेग?"

"पहिल्या दोन महिन्यांना मीच आलतो, मॅडम," विश्वजीत म्हणाला. "दिवाळीत फर्स्ट शिफ्ट लागली. सुट्टी मागितली की सुपरवायझर तोंड पाडतो. मग सत्या म्हणला, मी देऊन येतो. त्याला हितनं जवळ बी हाय."

"पण रक्त तुमचं तपासायचं होतं."

मग साखरबाई बोलल्या. आवाज न चढवता, समजावल्यासारखं.

"बाई, तुम्हीच सांगितलं व्हतं की. इश्वाला पयल्यांदा पुण्याला भरती केला तवा. त्याच्या अंगात रक्त न्हवतं, दोन बाटल्या लावल्या. तुम्ही आलात आन् म्हणलात, घरातलं कुणीबी द्या रक्त, पेशंटच्या नावावर जमा व्हतं. तवाबी सत्यानंच दिलं. तुम्ही म्हणलात, दोघांचं जुळतं. म्हंजी एकच की रक्त. आन् ह्याच्या अंगात आधीच कमी, त्यात दर महिन्याला नळी भरून काढून घेणार. मीच म्हणलं, धाकटा धडधाकट हाय, त्यो दिईल. एक महिना चुकू दिला न्हाई मी. ऊस तुटत व्हता तरी पाठवला त्याला."

सुलक्षणाबाईंना तो वॉर्ड आठवला, आणि स्वतःचं ते घाईतलं वाक्यही. रक्तपेढीत बाटलीच्या बदल्यात बाटली द्यायची असते, तेवढ्यापुरतं बोललेलं. तेव्हापासून त्यांनी ते किती घरांना सांगितलं होतं, त्याचा त्यांना अंदाज येईना.

"मी काय चूक केली का, मॅडम?" सत्यजीतने विचारलं.

"तिघंही इथेच बसा," एवढं म्हणून त्या मागच्या खोलीत गेल्या.

काचेवरचा रंग मुरायला अजून थोडा वेळ होता. त्या वेळात नुसतं उभं राहणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी फोनमधली पेशंटांची नावं उघडली. आता ज्यांची गोळी बंद होती त्यांतलं पहिलं नाव ज्ञानदेव, शिरूरचा टेम्पोवाला.

"ज्ञानदेव, दर महिन्याचं रक्त तुम्ही स्वतः देता ना?"

"स्वतः म्हंजी? दुसऱ्याचं कसं चालंल, मॅडम? रोग मला झालाय."

"बरं. काही नाही, सहज विचारलं."

"न्हाई पर काय झालंय का?"

"काही नाही. ठेवते."

त्यांना जरा बरं वाटलं. पुढचं नाव धुरपदाबाई. शिरूरजवळच्या वाडीवरच्या, सत्तरीच्या.

"आजी, महिन्याचं रक्त द्यायला तुम्हीच जाता ना?"

"मी कशी दिऊ गं बाई? माझी शीर घावत न्हाई. पयल्या खेपेला तीनदा टोचलं तिथल्या पोरीनं, हात निळा पडला. मग सून म्हणली, आत्याबाई, मी देते तुमच्या नावावर. लई गुणाची हाय."

सुलक्षणाबाईंनी त्या नावापुढे खूण केली.

"आजी, घाम येतो का हल्ली? भूक लागते?"

"भूक चांगली हाय. घाम कुणाला येत न्हाई आता?"

"उद्या सकाळी शिरूरच्या दवाखान्यात या. मी येते तिथे. आणि सूनबाई नको, तुम्ही या."

"आन् शीर?"

"शीर मी शोधीन."

त्यांनी फोन ठेवला. काच धुतली. पाणी जांभळं होऊन बेसिनमधून गेलं. त्यांनी काच दिव्यासमोर धरून वाळवली. अशा हजारो काचा त्यांनी पाहिल्या होत्या. पाहण्याआधी थांबावंसं वाटलं होतं अशा मात्र थोड्या.

फोन वाजला. डॉ. केळुसकर. प्रयोगशाळेतून त्यांना कळलं होतं.

सुलक्षणाबाईंनी झालं ते थोडक्यात सांगितलं.

"त्याची गोळी सुरू कर," केळुसकर म्हणाले, "आणि अभ्यासातून त्याला वगळ. फॉलो-अप तुटला असं लिही. असे दोन-तीन सगळ्यांच्याच अभ्यासात असतात. सोमवारचं अडायला नको."

"फॉलो-अप तुटला नाही, सर."

"तांत्रिक शब्द आहे तो."

"शिरूरला अजून एक निघाल्या. त्यांची सून देते. मी आत्ता फक्त दोघांना विचारलंय, आणि त्या दोघांतल्या एक."

"हे बघ, मी सुरुवातीलाच म्हणालो होतो. ही माणसं नियमित येणार नाहीत."

"नियमित आली, सर. एक महिना चुकवला नाही. आम्ही काय तपासतोय, ते मी त्यांना नीट सांगितलं नाही. सोमवारी काही जाणार नाही. मी सगळ्यांचं पुन्हा बघणार."

"चार वर्षं आहेत तुझी, सुलक्षणा."

"हो," त्या म्हणाल्या. "मला आत्ता काच बघायचीय. ठेवते."

त्यांनी फोन पालथा ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाचा दिवा लावला.

आधी नुसताच जांभळा धूर दिसला. त्यांनी चाक फिरवलं. धूर फुटला आणि पेशी झाल्या. पेशीच पेशी, लाल पेशींना जागा राहिली नव्हती इतक्या. एखाद्या बाजाराच्या दिवशी वरून पाहावं तसं. त्यांनी काच हळूहळू सरकवली. पूर्ण पिकलेल्या, वाकड्या केंद्राच्या. त्यांच्या थोड्या आधीच्या. त्यांच्याही आधीच्या. मग एक मोठी, गोल, कोवळी. एक. काच सरकवली. पुढे पुन्हा पिकलेल्यांची गर्दी. बऱ्याच वेळाने आणखी एक कोवळी. शंभर मोजल्या तेव्हा कोवळ्या दोन भरल्या. दुसऱ्या टोकापासून पुन्हा शंभर मोजल्या. तीन.

त्यांनी तिसऱ्यांदाही मोजल्या. आपल्याला हवं तेच आपल्याला दिसतंय की काय, ही शंका त्यांना कधीच सोडत नसे. आकडा तोच आला.

रोग परतला होता. भरपूर परतला होता. पण अजून चालत होता, पळत नव्हता.

सुलक्षणाबाई खुर्चीत मागे टेकल्या आणि डोळ्यांवर तळहात ठेवून बसल्या. मग उठून कपाटातून गोळ्यांची डबी काढली.

तपासणीच्या खोलीत तिघंही त्यांची वाट पाहत होती. भाकरी तशीच होती. सत्यजीत खिडकीकडे तोंड करून उभा होता.

"विश्वजीत, गोळी आजपासून चालू. आजच, इथेच. जेवल्यावर घ्यायची, म्हणून आधी खा."

"चालंल ना पर ती?" त्याने विचारलं. सकाळपासूनचा तोच प्रश्न, पण आता त्यात थट्टा उरली नव्हती.

"चालायला हवी. मी काच बघितली, रोगाचं रूप बदललेलं नाही. पण तुम्ही सहा महिने उशिरा घेताय. पेशी उतरतील त्या दोन-चार आठवड्यांत दिसतील. रोग मुळापासून हटतोय का, ते कळायला तीन महिने जातील. तोवर मी खात्री देत नाही."

"म्हंजी पन्नास टक्के?"

"त्यापेक्षा पुष्कळ बरं. पण शंभर नाही."

तो मान हलवून भाकरी मोडू लागला. साखरबाईंनी फडक्याचा बोळा मुठीत धरला होता. "माझ्यामुळं," त्या म्हणाल्या.

"नाही, मावशी. मी सांगितलं तेच तुम्ही केलंत."

"तुम्ही त्या बाटलीचं सांगितलं व्हतं. मला आता कळतंय."

"तेव्हा मला सांगायला हवं होतं. ही नळी म्हणजे रक्त देणं नव्हे. ह्या नळीत फक्त ह्याच्या शरीरात काय चाललंय ते दिसतं. दुसऱ्या कुणाच्या रक्तात ते दिसत नाही, सख्ख्या भावाच्याही नाही."

सत्यजीत खिडकीपासून वळला. त्याचे डोळे लाल झाले होते. "मी दर महिन्याला मेसेज वाचायचो, मॅडम. विश्वजीत शितोळे, रिपोर्ट नॉर्मल. दादाला फोन करून सांगायचो, बघ, तुझं झ्याक हाय. आन् ते माझं व्हतं."

"तुझं होतं," विश्वजीत तोंडात घास घेऊन म्हणाला. "तू झ्याक हाईस. निदान एवढं तरी कळलं."

मग साखरबाईंनी थोरल्याच्या पाठीत हलकेच एक धपाटा घातला, आणि खोलीतली हवा जराशी सैल झाली.

विश्वजीतने भाकरी संपवली. अर्धी नव्हे, सगळी. मुद्दाम खाल्ली असावी. गोळी जिभेवर ठेवून पाणी प्यायला आणि तोंड वाकडं केलं. चव सात महिन्यांनी परत आली होती.

सुलक्षणाबाईंनी दार उघडून प्रांजलला बोलावलं. तिलाही आता सगळं समजलं होतं आणि तिचा चेहरा उतरला होता.

"इथून पुढे नळीवर नाव लिहायच्या आधी आधारवरचा फोटो बघायचा," त्या म्हणाल्या. "आणि तोंडाने विचारायचं, आजार कुणाला आहे. प्रत्येकाला. हसले तरी विचारायचं."

"हो, मॅडम."

"आधी ह्यांचं घे. पुण्याला पाठवायला." प्रांजलने विश्वजीतच्या आधारवरचा फोटो पाहिला, त्याचा चेहरा पाहिला, पुन्हा फोटो पाहिला आणि मगच सुई लावली. नळीवर तिने त्याचं नाव सावकाश, मोठ्या अक्षरात लिहिलं. दिवाळीनंतर पहिल्यांदा त्या नावाच्या नळीत त्याचं रक्त होतं.

ती उठली तसा सत्यजीत पुढे झाला. शर्टाची बाही त्याने आधीच वर केली होती. सहा महिन्यांची सवय. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो ओशाळून बाही खाली ओढू लागला.

"थांबा," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "तुमचंही लागणार आहे."

"माझं कशाला आता?"

"गोळीने धरलं नाही तर. मग ह्याच्या हाडातला मगज बदलावा लागेल, आणि तो सख्ख्या भावाचा जुळण्याचा संभव असतो. नुसता गट जुळून भागत नाही, पुष्कळ काही जुळावं लागतं. वेळ येईल असं मी म्हणत नाही. पण आलीच तर तेव्हा शोधत बसायला नको."

सत्यजीतने भावाकडे पाहिलं. विश्वजीत पाण्याचा ग्लास हातात धरून बसला होता. त्याने मान वळवली नाही.

"घ्या," सत्यजीत म्हणाला आणि स्टुलावर बसला.

प्रांजलने त्याच्या दंडाला पट्टा बांधला. शीर तिला पाठच होती. नवी नळी हातात घेऊन तिने पेन उघडलं, आणि नेहमीच्या सवयीने पहिलं अक्षर लिहायला पेन टेकवलं. मग थांबली.

"नाव?"

त्याचेही ओठ सवयीने हलले. त्याने ते मिटले.

"सत्यजीत," तो म्हणाला. "सत्यजीत जयसिंग शितोळे."

"आजार कुणाला आहे?"

"भावाला."

"आधार?"

तो खिसे चाचपू लागला. "ते गाडीच्या डिकीत हाय."

"मग घिऊन ये की," साखरबाई म्हणाल्या. "पट्टा सोड गं त्याचा. जाऊ दे त्याला. बघूनच घे."